बालथाळीतलं ताक

हॉटेल लाइनीत जन्म काढलेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. तुमच्याकडे कोण कोण मोठी माणसं जेवून गेली, आणि उरलेल्या अन्नाचं तुम्ही काय करायचात? पहिल्याचं उत्तर असं, की आमच्या रस्त्यावर मोठी माणसं गाडी पंक्चर झाली तरच थांबायची, आणि पंक्चर निघेपर्यंत एक चहा घ्यायची. दुसऱ्याचं उत्तर कढी. कढीकडे मी पुढे येणारच आहे, कारण माझ्या बाजूने साक्ष देणारी तीच एक आहे.

भिवंडीच्या बाहेर, जिथून राहनाळ, वळ या गावांकडे रस्ते फुटतात, तिथे आमचं हॉटेल होतं. मालक भाऊशेठ, वळचे. गोदामवाल्यांना जमीन दिली आणि हातात पैसा आला तेव्हा बाकीच्यांनी जीपगाड्या घेतल्या, यांनी हॉटेल काढलं. तेही शुद्ध शाकाहारी. घरी मासळीशिवाय ज्या माणसाच्या घशाखाली घास उतरत नव्हता, त्याने दारावर 'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी लावली, याची आम्ही खूप मजा करायचो. भाऊशेठ म्हणायचे, "अरं, मासळी हाय ती आपल्या जीवाची. ह्यो धंदा हाय."

मी तिथे थंड काउंटरवर. बाहेरच्यांना वाटतं हॉटेल म्हणजे भट्टी आणि आचारी. पण गल्ल्याशेजारी एक दुसरी दुनिया असते. ताक, लस्सी, लिंबू सरबत, कोकम, शिवाय बाटल्या. भट्टीवर महाराज होते, पोळीला बायका होत्या, आणि थंड काउंटर माझा. पांढरी टोपी, पांढरा सदरा, खांद्यावर फडकं. लोक मला दामू म्हणत, पोरं ताकवाले काका.

आता बालथाळी. हा शोध भाऊशेठचा. शुक्रवारी भिवंडीतले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद. सगळा आठवडा कानठळ्या बसवणारं ते गाव त्या दिवशी असं गप्प व्हायचं की परक्या माणसाला भीती वाटावी. त्या दिवशी आणि रविवारी कुटुंबं जेवायला यायची. पोरांना मोठी थाळी जायची नाही, अर्धी टाकली जायची. म्हणून छोटी थाळी केली. लहान पुऱ्या, बटाट्याची भाजी, मूदभर वरणभात, एक गोड, आणि सोबत एक थंड पेय. त्या शेवटच्या तीन शब्दांत माझं सगळं आयुष्य गेलं म्हणा ना.

थंड पेय म्हणजे बाटली, असा रिवाज होता. काळी किंवा नारिंगी. बाटलीची एक रीत असते, ती हॉटेलवाल्याला मोडता येत नाही. झाकण टेबलासमोर उडवायचं. आतून उघडून आणलेली बाटली गिऱ्हाईक परत पाठवतं. ओपनर कमरेला दोरीने बांधलेला असायचा. फट्ट असा आवाज आला की पोरांचे डोळे चमकायचे. मग स्ट्रॉ.

माझी बायको सुमन सरकारी दवाखान्यात आया होती. दातांच्या विभागात तिची ड्युटी. ती संध्याकाळी घरी आली की मला पोरांच्या दातांच्या कहाण्या सांगायची. दुधाचे दात मुळापर्यंत काळे पडलेले, पोरं रडतायत, त्यांच्या आया रडतायत. तिथल्या डॉक्टरीणबाई प्रत्येक आईला एकच वाक्य सांगायच्या, ते सुमनने मला दिलं: "गोड पाणी आहे ते, दात किडतात." शिवाय ती म्हणायची, "बाटलीने पोट फुगतं, मग जेवत नाहीत पोरं. तुमच्या हॉटेलात बसून तुम्ही आमचं गिऱ्हाईक वाढवताय."

मी बाटलीच्या विरुद्ध का, याचं हे झालं सांगायचं कारण. खरं कारण आणखी जुनं आहे.

माझे वडील मजुरीला जायचे, खाडीकाठच्या एका गावात, एका मोठ्या घरच्या शेतावर. दुपारी त्या घरून मजुरांना ताक मिळायचं. इतरांना लोट्यातून. माझ्या वडिलांना ओंजळीत, वरून. मी लहान होतो, भाकरी घेऊन जायचो, म्हणून हे रोज पाहिलं आहे. ताक वरून पडतं तेव्हा सगळं ओंजळीत राहत नाही. मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. वडील प्यायचे, आणि मग कोपर चाटायचे. पुढे घरात बुद्धाची तसबीर आली, वडिलांनी ते शेत सोडलं, मरेपर्यंत ताकाला शिवले नाहीत. आईने केलं तरी नाही.

त्यामुळे हॉटेलात मला थंड काउंटर मिळाला आणि मी पहिल्यांदा एका पोराच्या हातात ताकाचा पेला दिला, तेव्हा मला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो. मला वाटलं, वडिलांनी हे पाहायला हवं होतं. जातीधर्माची विचारपूस न करता, वळचं, बाजारपेठेतलं, लूमवाल्यांचं, बँकवाल्यांचं पोर माझ्या हातचं पितंय, आणि त्याच्या वरच्या ओठावर पांढरी मिशी उमटतेय. सरकारने कागदावर दिलेला हक्क वेगळा आणि ही मिशी वेगळी.

तर बालथाळीत बाटलीऐवजी ताक द्यायचं, हे मी मनावर घेतलं. भाऊशेठ म्हणाले, "दामू, तुज्या ताकाला तोड न्हाय. पन पोरं बाटली मागतान."

"पोरं काय, माती पण मागतात. द्यायची का?"

"कर बाबा. पन गिऱ्हाईक तुटला तर तुजा काउंटर मी आत, भटारखान्याच्या पडद्यामागं नेईन."

माझ्या ताकाची रीत सांगतो. दही घरचंच, रात्री मोठ्या भांड्यात लावलेलं, आंबट व्हायच्या आत वापरायचं. भिवंडीच्या नळाचं पाणी मी कधी तसंच घेतलं नाही. सकाळी आल्या आल्या पातेलं चढवून पाणी उकळायचं, फडक्यातून गाळून माठात भरायचं. बर्फ नाही. बर्फाची लादी कुठल्या पाण्याची आणि रस्त्याने येताना कशावर ठेवलेली, हे हॉटेलवाल्याला ठाऊक असतं. माठाचा गारवा पुरतो. मिठाचा हात हलका, भाजलेल्या जिऱ्याची पूड, आल्याचा रस नावाला. मोठ्यांना मिरची-कोथिंबीर, पोरांना नाही. घुसळायचं रवीने. मिक्सरमधलं ताक फेसाळ दिसतं पण त्यात जीव नसतो, हे माझं मत, आणि त्यावर मी कुणाशीही भांडायला तयार असतो.

सुरुवातीला पोरं रडली. एका शुक्रवारी रामसमुझ म्हणून लूमवर काम करणारा एक भैया बायको आणि मुलाला घेऊन आला होता. मी ताक ठेवलं. त्याने पेला बाजूला सारला. लूमवाले मोठ्यानेच बोलतात, त्यांना हळू बोललेलं ऐकू येत नाही. तो सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मट्ठा? मट्ठा तो गाँव में भैंसवाला ऐसे ही दे देता था. छह दिन लूम पे मरते हैं, एक दिन बच्चे को बोतल पिलाते हैं. वो भी आपको चुभता है?"

मी म्हटलं, "भैया, मीठा पानी है, बच्चे के दाँत सड़ेंगे."

"हमारे तो कान गए. किसी ने पूछा?"

मी बाटली आणून फट्ट केली. मुलगा खूश झाला, बापाची मान ताठ झाली. त्या दिवशी मला कळलं की बाटलीत नुसतं गोड पाणी नसतं. बापाला आठवड्यातून एकदा साहेब करणारं काहीतरी त्यात असतं. त्याच्याशी माझं ताक काय झुंजणार? ताक म्हणजे गाव, गरिबी, फुकट मिळणारं. पण मीही हट्टी.

मग डोकं लढवलं. बाटलीचा मोठा गुण म्हणजे ती समोर उघडतात. म्हटलं, ताकही समोर होऊ दे. फॅमिली हॉलच्या एका कोपऱ्यात मी खांब रोवून घेतला, मोठा माठ आणि दोरीची रवी मांडली. पोरं टेबलं सोडून धावत यायची. मी दोरीची दोन टोकं त्यांच्या हातात द्यायचो. एक ओढ, मग दुसरं. घुर्र घुर्र आवाज व्हायचा, लोणी वर यायचं, ते मी चमच्याने त्यांच्या पुरीवर ठेवायचो. ज्या पोराने स्वतः घुसळलं ते पोर बाटली कशाला मागेल? बघता बघता बालथाळी म्हणजे ताक, असं होऊन बसलं. रामसमुझचा मुलगासुद्धा बाटली पिऊन झाल्यावर दोरी ओढायला यायचा, आणि बाप लांबून बघत हसायचा.

रुकैयाबी म्हणून एक म्हातारी यायच्या. जुन्या लूममालकांच्या घरातल्या, कोकणी मुसलमान. सुना-नातवंडांचा गोतावळा घेऊन शुक्रवारी दुपारी मोठं टेबल अडवायच्या. एकदा एक नातू बाटलीसाठी हटून बसला, तर त्याचा कान धरून काउंटरवर आणला. म्हणाल्या, "दामू, याला पेलाभर पाज. बाटलीत काय हाय? रंग हाय नि वारा हाय. वारा पिऊन पोर मोठा व्हतंय का?" तो नातू डोळ्यांत पाणी आणून ताक प्यायला आणि दुसरा पेला मागितला. ती चार-पाच वर्षं माझ्या आयुष्यातली खरी दिवाळी. त्यापुढचं सांगायला मन घेत नाही, पण सांगायलाच बसलो आहे.

दर रविवारी बँकेतले एक साहेब यायचे. बदली होऊन भिवंडीत आलेले, सज्जन माणूस. सोबत बाई आणि त्यांची मुलगी मृणाल. मृणाल शाळेत नुकती जायला लागली होती. ती जेवायला यायचीच नाही, रवी ओढायला यायची. तिची मिशी सगळ्यांत जाड. आई पुसायला गेली तर तोंड फिरवायची, "राहू दे, काकांना दाखवायचीय." बाईंनी एकदा माझ्याकडून ताकाची रीत लिहून घेतली होती. म्हणाल्या, "घरी करते, पण ही म्हणते काकांसारखं नाही झालं."

त्या वर्षी एप्रिलात आमची जयंतीची मिरवणूक निघाली. चौदा तारखेला दरवर्षी निघते तशी. मी पांढरे कपडे, गळ्यात निळा रुमाल, पुढच्या रांगेत. मिरवणूक साहेबांच्या बिल्डिंगखालून गेली. गॅलरीत तिघंही उभी होती. मृणाल ओरडली, "ताकवाले काका!" मी हात हलवला. तिने दोन्ही हात हलवले. साहेबांनी मान लववली. बाई बघत होत्या.

त्याच आठवड्यात गावात काविळीची साथ लागली. सुमनच्या दवाखान्यात खाटा पुरेनात. गटार आणि नळ कुठेतरी एक झाले होते. घरोघर लोक पाणी उकळू लागले.

रविवारी साहेब आले. मी पेला भरून घेऊन गेलो. बाई म्हणाल्या, "नको दामू. हिला बाटली द्या. पाणी खराब आहे ना सध्या."

मी म्हटलं, "बाई, माझं पाणी बारा महिने उकळलेलं असतं. तुम्हाला ठाऊक आहे. या, पातेलं दाखवतो."

"तसं नाही हो. पण बाटली कशी, सीलबंद असते. कुणाचा हात लागलेला नसतो."

त्यांनी ते सहज म्हटलं. आजही कानांत तसंच्या तसं आहे, त्यात कसलाही काटा नव्हता. मी बाटली आणली, टेबलासमोर झाकण उडवलं. मृणाल स्ट्रॉ तोंडात धरून माझ्यामागोमाग कोपऱ्यात आली. "काका, दोरी ओढू?" मी दोरी तिच्या हातात दिली. तिने दोन हिसके दिले असतील नसतील, तोच आई म्हणाली, "मृणाल, इकडे ये. आणि हात धुऊन ये आधी."

हात धुऊन ये. जेवायच्या आधी कुठलीही आई म्हणते. माझी सुमनही म्हणते.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक भुंगा शिरला. पाणी, की मी? मी वकिलासारखा पुरावे गोळा करू लागलो. मृणालची थाळी उचलताना बघितलं, काकडीची कोशिंबीर सगळी संपवलेली होती. ती काकडी तर महाराजांनी नळाच्या पाण्याने धुतलेली! मग पाण्याची भीती कुठे गेली? म्हणजे भीती माझी. महाराज जानवं घालायचे, कधीकधी उघड्या अंगानेच बाहेर यायचे, सगळ्यांना दिसायचं. पण मग कढी यायची. उरलेल्या ताकाची आम्ही कढी करायचो. ते ताक माझ्या हातचंच, हे शेंबड्या पोरालाही कळेल. बाई ती कढी मागून घेत. म्हणजे कढी उकळते म्हणून चालते, म्हणजे भीती पाण्याची. कोशिंबीर म्हणे मी, कढी म्हणे पाणी. आठवडाभर मी या दोघींचं भांडण ऐकत असे.

सुमनला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "तुम्हाला काय ऐकायचंय?"

"खरं."

"खरं तुम्हाला ती बाई पण सांगू शकणार नाही. तिला तरी कुठे ठाऊक असेल?"

सुमनचं हे असं. दातांच्या खात्यात राहून एकेक दात उपटून हातावर ठेवायची सवय लागली होती तिला.

एक घर असतं तर मी गिळलं असतं. पण 'सीलबंद' हा शब्द साथीसारखाच पसरला. प्रत्येक टेबलावरून तोच. कुणी खरोखर घाबरलेलं होतं, ज्यांच्या घरात पोरं पिवळी पडली होती. त्यांना मी काय बोलणार? कुणी घाबरल्याचं सोंग करत होतं का, तेही कळायला मार्ग नव्हता. मी 'ताकासाठी उकळलेले पाणी वापरले जाते' अशी पाटी रंगवून घेतली. लोक ती वाचायचे आणि बाटली मागायचे. पूर्वी मी आत, पडद्यामागे घुसळायचो तेव्हा कुणी विचारलं नव्हतं की हात कुणाचा. हॉटेलात हात दिसत नसतात, म्हणून तर लोक हॉटेलात जेवू शकतात. मी शहाणपणा करून तो हात उजेडात आणला होता.

साथ ओसरली. बाटल्या ओसरल्या नाहीत. त्याच सुमारास एका पेयवाल्या कंपनीचा माणूस आला. गळ्यात टाय, बोलणं लोण्यासारखं. हॉटेलला मोठा काचेचा फ्रिज देणार, पाटी रंगवून देणार, बालथाळीचं चित्रही काढून देणार. अट एकच, फ्रिजमध्ये दुसरं काही ठेवायचं नाही. भाऊशेठ माझ्याकडे बघत राहिले. माझ्याकडे बोलायला काय होतं? दात किडतात, हे सांगून झालं होतं. पोट फुगतं, हे सांगून झालं होतं. जे खरं बोलायचं होतं ते मालकाशी बोलायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी भाऊशेठनी मला बाजूला घेतलं. "दामू, ताक बंद न्हाय. मागल त्याला द्यायचा. फकस्त आतून."

"आतून" म्हणजे पडद्यामागून. त्यांनी शब्द दिला होता, तो पाळला. माणूस वाईट नव्हता. माझ्या मुलीच्या लग्नात येऊन पंगतीत बसून जेवला, हे विसरलो तर मी कृतघ्न ठरेन. खांब काढला, माठ मोरीपाशी गेला. नव्या पाटीवर थाळीशेजारी बाटली रंगवलेली होती, पुऱ्यांपेक्षा मोठी.

मागेल त्याला ताक. रुकैयाबी मागायच्या. गुडघे गेले तरी दोन सुनांच्या खांद्यावर हात टाकून यायच्या आणि ओरडायच्या, "दामू कुटं गेला? पोरांना ताक आना." त्या गेल्यावर त्यांच्या नातवंडांनी एकदाही मागितलं नाही. बँकेतल्या साहेबांची बदली झाली. शेवटच्या रविवारी मृणाल पडद्याशी येऊन उभी राहिली होती. बरीच उंच झाली होती, पुढचा एक दात काळपट पडला होता. म्हणाली, "काका, तुम्ही आता बाहेर का नाही येत?" मी म्हटलं, "काम वाढलंय गं." काम कुठलं वाढायला, माठ अर्ध्यावर उरायचा. उरलं ते कढीत जायचं. आमच्या हॉटेलच्या कढीचं पुढे फार नाव झालं. लांबून लोक यायचे. महाराजांच्या हाताला चव आहे, म्हणायचे.

पुढे बायपासची वाहतूक बदलली, धंदा बसला, भाऊशेठनी हॉटेल विकलं. आता तिथे फरशांचं गोदाम आहे. मी घरी बसलो. सुमन अजून ड्युटीवर जायची आणि पोरांचे दात पूर्वीपेक्षा जास्त किडलेत म्हणून सांगायची.

गेल्या वर्षी भाऊशेठच्या नातवाचा वाढदिवस होता. मला आणि सुमनला बोलावणं आलं, भाऊशेठ स्वतः सांगायला आले होते. वळला त्यांच्या नव्या बंगल्यापुढे मांडव होता. खुर्च्यांवर सगळे बसलेले, घरच्या बायका स्टीलच्या पेल्यांतून ताक फिरवत होत्या. पेल्यांचं ताट सरकत सरकत आमच्या रांगेत आलं. आमच्यापाशी आल्यावर ताट थांबलं. भाऊशेठची सून, चांगली शिकलेली मुलगी, आतून दोन बाटल्या घेऊन आली. स्ट्रॉ घातलेल्या. म्हणाली, "काका, काकू, तुमच्यासाठी खास ठेवल्यात."

आमच्या डाव्या-उजव्या बाजूला ताक होतं. आमच्या हातात बाटल्या. बाटलीला पेला लागत नाही, म्हणजे नंतर पेला विसळावाही लागत नाही. आणि पाहुण्याला बाटली देणं हा मानही असतो. दोन्ही खरं. सुमन माझ्याकडे न बघता म्हणाली, "प्या. जन्मभर हिच्याशी भांडलात, आता प्या."

मी प्यायलो. गोड होतं, वारा होता, रुकैयाबी म्हणायच्या तसंच.

एवढ्यात तो नातू, ज्याचा वाढदिवस होता तो, धावत आला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "आजोबा, मला द्या ना." साऱ्या आयुष्यात मी एकाही पोराला आपल्या खुशीने बाटली दिली नव्हती. त्या क्षणी मी सगळं विसरलो. दात विसरलो, दवाखाना विसरलो. मला फक्त एवढं दिसत होतं की एक पोर माझ्या उष्ट्या स्ट्रॉला तोंड लावायला निघालंय. मी बाटली पुढे केली. त्याने दोन्ही हातांनी धरली आणि ओढायला लागला.

त्याची आई, म्हणजे तीच सून, मांडवाच्या दुसऱ्या टोकाहून धावत आली. "अरे सोड, सोड! गोड पाणी आहे ते, दात किडतात!"

तिने बाटली काढून घेतली, पदराने त्याचं तोंड पुसलं, चांगलं दोनदा. मग माझ्याकडे बघून हसली. "तुम्हीच सांगायचात ना काका, हॉटेलात? आमचे दादा अजून सांगतात."

दादा म्हणजे भाऊशेठ. तिने पोराला बाजूला नेलं आणि त्याच्या हातात ताकाचा पेला दिला. तो गटागटा प्यायला आणि वळून माझ्याकडे बघून हसला. ओठावर पांढरी मिशी होती. पोराच्या हातातली बाटली जावी आणि तिथे ताक यावं, एवढंच मी मागितलं होतं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच शब्दांनी, झालं होतं.

आम्ही लवकर निघालो. फाट्यावर रिक्षाची वाट बघत उभे होतो. शेवटी मी विचारलं, "सुमन, दात की मी?"

ती म्हणाली, "रिक्षा आली. बसा."